उजव्या बुटावरचा टॅक्स

स्वस्त वस्तू दिसली आणि वहिनींनी ती सोडली, असं त्यांचा शत्रूही म्हणाला नसता. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची, आणि परदेशातून वस्तू मागवायच्या कशा हे गल्लीतल्या निम्म्या बायकांना त्यांनीच शिकवलं होतं. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची त्यांची नोकरी. समोर माणसं गाल धरून बसलेली, आणि या टेबलाखाली मोबाइल धरून पडदे, पातेली, पर्सा बघतायत. एखादा कळवळून विचारायचा, "अजून किती वेळ?" तर मान वर न करता म्हणायच्या, "आलाच हां तुमचा नंबर." कुठला आलाय!

या खरेदीची सगळी गंमत एका पळवाटेत होती. बाहेरच्या देशातून येणारं पाकीट ठरावीक किमतीच्या आतलं असलं की त्यावर टॅक्स नाही. तीच वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पेट्या भरून आणली की त्याला मात्र टॅक्स. मग ती दुकानात महाग पडणार नाही तर काय होणार? हे कळायला काही पंडित व्हावं लागत नाही, आणि वहिनींनाही ते कळत होतं. पण पाकीट दारात आलं की आतलं बघायच्या आधीच त्यांच्या जिवाला कसं गार वाटायचं. आपण कुणाला तरी चकवलं, असं. कुणाला, ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

विचारायची सोयच नव्हती, कारण कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांचा सख्खा दीर होता.

बुटांचं दुकान. वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हे भाऊजी अर्ध्या चड्डीत होते आणि नाक पुसायला शर्टाची बाही वापरायचे. सासूबाईंचा दंडक असा, की दीर एवढासा असला तरी त्याला भाऊजीच म्हणायचं आणि अहोजाहोच करायचं. त्यामुळे वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, आधी शेंबूड पुसा, मग ताटावर बसा." सासूबाई लवकर गेल्या. पुढे त्या पोराचं दप्तर, ताप, परीक्षा, नापास झाल्यावरचं रडणं, सगळं वहिनींनी केलं. दुकान काढायची वेळ आली तेव्हा थोरले, म्हणजे वहिनींचे यजमान, "जमेल का याला?" म्हणून कुरकुरत होते. वहिनींनी ठणकावून सांगितलं, जमेल. आणि जमलं की! चांगलं जोरात चाललं. मग अलीकडे लोक यायचे, बूट घालून बघायचे, आरशासमोर पाय वळवून बघायचे, आणि "विचार करून सांगतो" म्हणून निघून जायचे. कसला डोंबलाचा विचार! घरी जाऊन मोबाइलवर तोच नंबर टाकला की झाला विचार.

ही युक्ती गल्लीत कुणी आणली हे भाऊजींना माहीत नव्हतं. वहिनींना होतं.

त्यात थोरल्यांच्या उजव्या पायाचं ऑपरेशन झालं. पाऊल जे सुजलं ते सुजलंच. डावा पाय जुन्या मापाचा आणि उजवा चांगला मोठा, पसरट. भाऊजी दुकान सोडून घरी आले, खाली बैठक मारली, दादाचं पाऊल मांडीवर घेतलं आणि दोन्ही पायांची मापं घेतली. म्हणाले, "दोन जोड फोडतो. एकातला डावा काढू, एकातला उजवा."

"आणि उरलेले दोन कुणाच्या गळ्यात बांधशील?" थोरले म्हणाले. "धंदा करतोस की दानधर्म?"

"दादा, तू गप बस बरं. वहिनी, कुठला रंग हवा ते सांग."

वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणालेत, इतक्यात बूट नकोत. बघू पुढं."

डॉक्टर असं काही बोलले नव्हते. वहिनींनी स्वतःची समजूत घातली होती, की भाऊजी आपल्याकडून पैसे घेत नाहीत, वर दोन जोड फोडणार, कशाला त्यांना खड्ड्यात घालायचं? हे कारण अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर ते टिकलं होतं. खरी गोष्ट अशी, की वहिनींना मोबाइलवर एक जागा सापडली होती. तिथं ज्यांचे दोन पाय दोन मापांचे असतात त्यांच्यासाठी एकेक बूट सुटा विकत. काय एकेक डोकी असतात लोकांची! दोन बूट एकत्र मागवले तर किंमत टॅक्सच्या रेघेच्या वर जात होती, म्हणून वहिनींनी डावा बूट आपल्या नावावर मागवला आणि उजवा यजमानांच्या. मापं भाऊजींनी घेतलेलीच होती. ती तशीच्या तशी टाकली.

डावा बूट आला. वहिनींनी तो कपाटात चादरींच्या मागं दडवला, जोडी पुरी झाली की थोरल्यांपुढं एकदम ठेवू म्हणून. "सेलमध्ये मिळाले" हे वाक्यसुद्धा तयार होतं. उजवा बूट वाटेत होता, आणि तो वाटेत असतानाच सरकारनं पळवाट बुजवली. आता पाकीट केवढंही असो, त्यावर टॅक्स.

मग काय विचारता! जिकडेतिकडे हाच विषय. दवाखान्यात दात काढायला आलेली माणसं भुलीचं इंजेक्शन घेतलेल्या तोंडानं सरकारला शिव्या देत होती.

उजवा बूट आल्याचा निरोप आला तेव्हा वहिनी दवाखाना उघडायच्या आधी पार्सलच्या खिडकीवर गेल्या. तिथं ही रांग. पुढं एक निवृत्त मास्तर मासे पकडायच्या गळाच्या पाकिटासाठी उभे होते आणि "गरिबाच्या पोटावर पाय आहे हा" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांच्यापुढची कॉलेजची पोरगी खोट्या नखांसाठी आली होती. तिलाही आपण गरीब असल्याचं तिथंच कळलं असावं, कारण ती जोरजोरात मान डोलावत होती.

वहिनींचा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं पाकीट काढलं, यंत्रावर धरलं आणि आकडा सांगितला. टॅक्स, वर हाताळणीचा खर्च.

"अहो, एका बुटावर एवढा?"

"एकच बूट आहे?" त्यानं पाकीट हलवून बघितलं.

"एकच."

"मग दुसरा कुठाय?"

"घरी."

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. मागची रांगही बघायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं. वहिनींच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. लाज वाटली, की त्या चिडायच्या. ही त्यांची जुनी खोड.

"ठेवा तो तुमच्यापाशीच!" त्या म्हणाल्या. "घाला तुम्हीच, आणि लंगडी खेळा!"

पाकीट तिथंच टाकून त्या तणतणत बाहेर आल्या, तर दारातच माइकवाली पोरगी उभी. बरोबर कॅमेरा घेतलेला एक दाढीवाला. पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, नव्या टॅक्सबद्दल ग्राहक म्हणून तुमची प्रतिक्रिया?"

आता माणसानं अशा वेळी काय करावं? खाली मान घालून पुढं जावं. पण वहिनींचं नाक लाल झालेलं, मागं सगळी रांग कान देऊन उभी, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं मत विचारत होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

"हे सगळं दुकानदारांचं कारस्थान आहे," वहिनी म्हणाल्या. "रडून रडून टॅक्स लावायला लावला. त्यांच्याकडे आहे काय? गुडघ्यावर बसून माप घ्यायचं तेवढं येतं त्यांना. घेऊ देत की! आम्ही त्यांच्याकडे माप देतो, दहा बूट काढायला लावतो, घालून बघतो, आणि घरी येऊन बाहेरून मागवतो. आम्हाला काय वेड लागलंय दुकानात पैसे मोजायला? दुकानं आता घालून बघण्यापुरतीच उरलीयत. त्यांना कळत कसं नाही म्हणते मी!"

रांगेतून टाळ्या पडल्या. मास्तर म्हणाले, "वा, बाई, वा!" माइकवाली पोरगी खूश. "मॅडम, फारच छान बोललात." वहिनी पदर सारखा करून दवाखान्यात गेल्या, आणि सकाळभर त्यांना आपण झाशी वगैरे लढवून आल्यासारखं वाटत होतं.

दुपारी भाऊजींचा फोन आला.

"वहिनी! आज संध्याकाळी बातम्यांत मी आहे!"

"तुम्ही? कशाबद्दल?"

"अगं, टॅक्सबद्दल! दुकानदारांतर्फे मलाच पुढं केलं सगळ्यांनी. कालच येऊन चित्रण करून गेले दुकानात. एक पोरगी होती, फार हुशार. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. लवकर ये हां, तुझ्याशिवाय टीव्ही लावणार नाही."

"एक पोरगी?" वहिनी म्हणाल्या. "आणि कॅमेरा घेऊन दाढीवाला?"

"हो! तुला कसं कळलं?"

वहिनींनी फोन ठेवला तेव्हा समोरचा पेशंट उठून म्हणाला, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" दाढदुखीचा पेशंट होता, बिचारा.

मग सुरू झाली धावपळ. वहिनींनी त्या टीव्हीवाल्यांच्या ऑफिसचा नंबर शोधला. फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. शेवटी एका थकलेल्या आवाजाच्या माणसानं घेतला.

"सकाळी मी एक प्रतिक्रिया दिली होती. ती काढून टाका."

"काढून टाका?" तो म्हणाला. "मॅडम, इथं लोक आमची दाखवा, आमची दाखवा म्हणून जीव खातात."

"अहो, मी भलतंच बोलले हो."

"मग तर लागणारच," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

लवकर रजा घेऊन त्या पार्सलच्या खिडकीवर धावल्या. माइकवाली पोरगी तिथं कुठली असायला! मग रस्त्यानं चालता चालता त्यांनी मनाची समजूत घालायला सुरुवात केली. एवढी माणसं बोलली, सगळ्यांना थोडंच दाखवतात? मास्तर तर केवढे बोलले. मास्तरांचंच दाखवतील. आजवर त्यांनी मास्तरांसारख्या माणसांना दारात उभं केलं नव्हतं, आणि आज त्या मनापासून मास्तरांचं यश चिंतत होत्या. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते काही उगीच नाही.

भाऊजींना आधीच जाऊन सांगून टाकावं, असंही एकदा मनात आलं. पण सांगायचं काय? की तुम्ही दादाचं पाऊल मांडीवर घेऊन मापं घेतलीत, ती मी बाहेरच्या माणसाला विकली? म्हणजे विकली नाही, पण काय केलं मग? दुकानाच्या दारापर्यंत येईतो त्यांना वाक्य सापडलं नाही.

दुकानात सणासारखं चाललं होतं. धाकटी जाऊ चहाचे कप भरत होती. शेजारचा भांडीवाला आणि समोरचा चष्मेवाला दोघे आले होते. बूट घालून बघायच्या बाकावर त्यांना बसवलं होतं. वहिनींना बघताच भाऊजी पुढं आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं.

"आली बघा! आता लावा टीव्ही. दादा आला नाही?"

"पाय ठणकतोय म्हणाले. घरीच बघतील."

"बस, वहिनी. ही खुर्ची तुझी."

"मी इथंच बरी," वहिनी म्हणाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. टीव्हीचं बटण तिथंच होतं. त्यांनी हात मागं नेला आणि बोट बटणावर ठेवलं. भाऊजींचं बोलणं संपलं, की दाबायचं. वीज गेली म्हणायचं. दिवे चालू असताना टीव्हीपुरती वीज कशी गेली, हे पुढचं पुढं.

"ताई, अहो बसा ना, अशा काय चोरासारख्या उभ्या?" धाकटी हसत म्हणाली. तिनं आपलं सहज म्हटलं.

बातमी लागली. आधी सरकारी इमारत, मग पाकिटांचे ढीग, आणि मग भाऊजी! याच दुकानात, याच कपाटांपुढं उभे. भांडीवाल्यानं शिट्टी मारली. पडद्यावरचे भाऊजी आधी थोडे चाचरले, मग नीट बोलायला लागले.

"लोक येतात, माप देतात, घालून बघतात आणि जातात. वाईट वाटतं. पण राग नाही येत. चार पैसे वाचवावेत असं कुणाला वाटत नाही? टॅक्स मात्र सगळ्यांना सारखा असावा, एवढंच आमचं म्हणणं."

"झकास!" चष्मेवाला म्हणाला.

वहिनींचं बोट बटणावर होतं. आता दाबायचं. तेवढ्यात त्या पोरीचा आवाज आला, "तुमच्या घरची मंडळी तरी तुमच्याकडूनच घेतात ना?"

पडद्यावरचे भाऊजी मोकळे हसले. "अहो, माझी वहिनी आहे ना! मला आईसारखीच ती. हे दुकान तिच्या शब्दावर उभं आहे. पैसे घ्या म्हणून माझ्याशी भांडते. ती बाहेरून बुटाची नाडीसुद्धा मागवायची नाही. अशी चार माणसं पाठीशी असली, की दुकानदाराला टॅक्सची भीती नसते."

दुकानातले सगळे वहिनींकडे वळले. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजी लाजून खाली बघत होते, परीक्षेत पास झाल्यावर बघायचे तसे. वहिनींना हुंदका आला. खरंच आला. जे त्या नव्हत्या, त्याच्याबद्दल आपलं कौतुक ऐकून त्यांना रडू फुटलं, आणि डोळे पुसायला त्यांनी हात पुढं घेतला.

बटणावरचा हात.

"ग्राहकांचा सूर मात्र वेगळाच आहे," पोरीचा आवाज म्हणाला, आणि पडद्यावर वहिनी आल्या. लाल नाक, विस्कटलेले केस, खाली पट्टी, 'संतप्त ग्राहक'.

"गुडघ्यावर बसून माप घ्यायचं तेवढं येतं त्यांना. घेऊ देत की! आम्ही त्यांच्याकडे माप देतो, दहा बूट काढायला लावतो, घालून बघतो, आणि घरी येऊन बाहेरून मागवतो. आम्हाला काय वेड लागलंय दुकानात पैसे मोजायला?"

मागून टाळ्या. मास्तरांचा "वा, बाई, वा!" तेवढाच दाखवला त्यांचा.

मग हवामानाची बातमी लागली. ती सगळ्यांनी फार लक्ष देऊन पाहिली. भांडीवाला आपल्या कपात बघायला लागला. चष्मेवाला उठला, "दुकान उघडंच टाकून आलो" असं काहीतरी म्हणाला आणि गेला. त्याच्यामागं भांडीवालाही सटकला. धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही?" शिवी दिली असती तर परवडली असती. वहिनींना वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. पण फरशी पक्की होती. भाऊजींनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती ती.

भाऊजींनी टीव्ही बंद केला. वहिनींच्या अगदी जवळून हात नेऊन बंद केला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

"भाऊजी, मी..."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "दादाचा आहे."

थोरले. त्या माणसानं आयुष्यात कुणाचं फुकट घेतलं नव्हतं. जास्त आलेली मोड परत द्यायला पाय दुखत असताना बाजारात गेलेला माणूस. वहिनी पुढं होऊन म्हणाल्या, "नका घेऊ."

भाऊजींनी घेतला.

"हां दादा. पाहिलंस?" आवाज अगदी खणखणीत, हसरा. "अरे नाही रे! खरं कसं असेल? मीच सांगितलं होतं वहिनीला. त्या पोरीला दुसऱ्या बाजूचं बोलणारं कुणी मिळत नव्हतं, मला म्हणाली, कुणी असेल तर बघा. म्हटलं, आमची वहिनी नाटकातसुद्धा काम करेल. हो ना! काय बोलली, नाही? मला तर हसू आवरेना. हो, हो. पाठवतो घरी. ठेवतो."

फोन ठेवला आणि तो हसरा चेहरा कुठं गेला कुणास ठाऊक. लगेच दुसरा वाजला, कुणा नातेवाइकाचा. भाऊजींनी तेच सांगितलं. मग तिसरा. दर वेळी गोष्टीत थोडी भर पडत गेली. आता वहिनींनी घरी आरशासमोर तालीम केली होती, आता वहिनी आधी नकोच म्हणत होत्या. मालाची खोटी तारीफ न करणारा माणूस, गिऱ्हाइकाला तोंडावर "हा बूट तुम्हाला चावेल" सांगणारा, तो आज दुकानाच्या मधोमध उभा राहून धडधडीत खोटं विकत होता, आणि ते कुणासाठी, हे वहिनींना दिसत होतं. त्या तिथंच उभ्या होत्या. जाता येत नव्हतं आणि बसता येत नव्हतं.

फोन थांबले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "कशाला खोटं बोललात माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी नाही," भाऊजी म्हणाले. ते बाकावरचे कप गोळा करत होते. "दादासाठी. माझ्याकडे रोज येतात अशी माणसं, वहिनी. मला सवय आहे. दादाला नाही."

"मला बोला तरी. चार शब्द सुनवा."

"काय सुनवू? तू जे म्हणालीस त्यात खोटं काय आहे? गुडघ्यावर बसून माप घ्यायचं, तेवढंच येतं मला." त्यांनी शेवटचा कप उचलला. मग म्हणाले, "घरी जा. तो वाट बघतोय. आणि विचारलं तर मी सांगितलं तेच सांग. मला तोंडघशी पाडू नकोस आता."

वहिनी निघाल्या. गल्लीत ज्यांना त्यांनी मोबाइलवर बोटं फिरवायला शिकवलं त्या बायका दारादारांत उभ्या होत्या. एकीनं अंगठा वर करून दाखवला. वहिनींनी न बघितल्यासारखं केलं. चालता चालता त्यांनी एक गोष्ट पक्की ठरवली. थोरल्यांना सगळं सांगायचं. डावा बूट, उजवा बूट, डॉक्टरांच्या नावानं केलेली थाप, सगळं. भाऊजी तोंडघशी पडले तर पडले, पण या खोट्यावर आपण जेवायला बसायचं नाही. जिन्यात त्यांनी पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं: "मी टीव्हीवर बोलले ते खरं होतं." साधं होतं. म्हणता येण्यासारखं होतं.

दार उघडं होतं. थोरले खुर्चीत बसले होते, उजवा पाय स्टुलावर. त्यांनी दोन्ही ताटं घेतली होती. इतक्या वर्षांत त्यांनी ताटं कधी घेतली नव्हती. पेले उलटसुलट, पोळ्यांचा डबा उघडाच. त्या सुजलेल्या पायानं स्वयंपाकघरात चार फेऱ्या झाल्या असणार.

"अहो, हे काय केलंत? पाय दुखत होता ना?"

"बस आधी," थोरले म्हणाले. त्यांचे डोळे लाल दिसत होते. "मला काहीतरी सांगायचंय."

"मलाच सांगायचंय," वहिनी म्हणाल्या. "मी टीव्हीवर..."

"थांब. माझं ऐकून घे, नाहीतर मला नंतर बोलवायचं नाही." त्यांनी हातानं थांबवलं. "तू टीव्हीवर आलीस आणि मला ते खरंच वाटलं. खोटं कशाला बोलू? मनात आलं, ही बाई माझ्या भावाचं दुकान खातेय. इतकं वाईटसाईट मनात आलं तुझ्याबद्दल. चांगली दहा-पंधरा मिनिटं मी इथं बसून तुला काहीबाही बोलत होतो, एकटाच. मग धाकट्याला फोन केला, त्यानं सांगितलं, आणि मला माझीच लाज वाटली गं. ज्या बाईनं त्याला लहानाचा मोठा केला, तिच्यावर मी असा संशय घ्यावा?"

वहिनी उभ्याच होत्या. ते वाक्य तोंडात होतं, अगदी जिभेच्या टोकावर. त्यांनी तोंड उघडलं.

थोरल्यांनी दोन्ही हात जोडले. बायकोपुढं त्यांनी आजवर कधी हात जोडले नव्हते, आणि ते जोडताना त्यांना अवघडल्यासारखं होत होतं, हेही दिसत होतं. "मला माफ कर," ते म्हणाले.

वहिनींनी त्या हातांकडे बघितलं, ताटांकडे बघितलं, पेल्यांकडे बघितलं.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "होतं असं कधी कधी."

थोरल्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि पोळी घेतली. वहिनींनी त्यांना माफ केलं होतं.